शीळ घालणारे पाखरू आणि त्याची बेटे



माझ्यासारख्या माणसाने या व्यासपीठावरून एका पाखराविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. गेली तीस वर्षे मी कामगारांत काम करतो. बोनस, ग्रॅच्युइटी, हमालांची हजेरी, कामावरून काढलेल्या माणसाचा दावा, हे माझे नेहमीचे विषय. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत रात्री आणि वाचनालयाच्या बाकावर दुपारी. तेव्हा पक्षिशास्त्राचा अधिकार मजजवळ नाही, हे आधीच कबूल करतो. परंतु इतिहास जसा राजांचा आणि तहांचा असतो, तसा तो रानाचाही असतो. आणि रानाचा इतिहास उकलू लागले की त्यात मजुरीचा इतिहास गुंतलेला सापडतो. त्या वाटेने मी या पाखरापर्यंत आलो.

गोष्ट १९९९च्या पावसाळ्यातील. नगरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने एका रात्रीत फाटकाला टाळे लावले. नाव सांगण्याचे आज प्रयोजन नाही. सकाळच्या पाळीला आलेली माणसे डबे हातात धरून त्या टाळ्याकडे पाहत उभी राहिली. दावा दाखल करावयाचा तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. त्यांतला एक सोबती खोलीचे भाडे परवडेना म्हणून बायकोपोरांसह अकोले तालुक्यातील आपल्या गावी, रतनगडाच्या पायथ्याकडे निघून गेला होता. त्याच्या शोधात मी एस.टी.ने संगमनेर, अकोले, राजूर असे टप्पे करीत संध्याकाळी त्याच्या घरी पोहोचलो. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे अंधारातच घरामागच्या ओढ्याकडून कोणीतरी शीळ घालू लागले. सूर धड गाण्याचा नव्हे, धड हाक मारण्याचाही नव्हे. एखादे पोर रमतगमत चालले आहे, चाल आठवते, मध्येच विसरते, पुन्हा पहिल्यापासून धरते, तशी ती शीळ होती. मी सोबत्याच्या आईला म्हटले, “मावशी, एवढ्या पावसात पोराला कोणी बाहेर धाडलं?” म्हातारी हसली. म्हणाली, “पोर नाय दादा, पाखरू हाये ते. वढ्याला पाणी वाढलं का असंच बोलतं.”

त्या दिवशी सही घेऊन मी परत आलो. पण ती शीळ डोक्यातून जाईना. पुस्तकांत शोधू लागलो तेव्हा नाव सापडले: शीळकरी कस्तुर. इंग्रज साहेबांनाही माझ्यासारखीच फसगत झाली होती. त्यांनी याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोर’ असे टोपणनाव ठेविले.

आता हा पक्षी दिसतो कसा, तेवढे सांगतो. आकार साळुंकीहून थोडा मोठा, चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे दहा इंच. दुरून पाहिले तर नुसता काळा. उन्हाची तिरीप पडली की कपाळावरची आणि खांद्यावरची चकचकीत निळी पट्टी उजळते. नर आणि मादी सारखीच. राहणी दाट सावलीतल्या, खडकाळ, वाहत्या ओढ्याची. खेकडे, बेडूक, गोगलगायी, गांडुळे, किडे आणि रानफळे हा त्याचा आहार. कठीण कवचाचे भक्ष्य खडकावर आपटून फोडावे, ही त्याची रीत. वीण मुख्यत्वे पावसाळ्याच्या सुमारास. ओढ्याकाठच्या कड्याच्या खोबणीत, कधी धबधब्याच्या आडोशाला, शेवाळ, मुळ्या आणि चिखल यांचे वाटीसारखे घरटे तो करतो. अंडी बहुधा तीन. इतर पाखरे पावसात गप्प होतात, त्या दिवसांत याचा कंठ फुटतो. आणि पाण्याच्या गर्जनेतूनही ती शीळ ऐकू येते.

हे पाखरू भारतीय द्वीपकल्पाच्या बाहेर जगात कोठेही नाही. सह्याद्रीची लांबलचक रांग हे त्याचे मुख्य घर. त्याशिवाय सातपुड्यात पचमढीकडे आणि पूर्व घाटाच्या काही डोंगरांत त्याची वस्ती आहे. नकाशावर ही ठिकाणे रंगवून पाहा. एकसंध पट्टा दिसत नाही, ठिपके दिसतात. ओल्या, सावलीच्या घळी आणि त्यांच्या भोवती उघडे, तापणारे पठार. आपल्या जिल्ह्याचेच पाहा ना. सावेडीत वर्षाकाठी वीस-बावीस इंच पाऊस पडला तर आपण देवाचे आभार मानतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीकडे, तो दोनशे इंचांच्या घरात जातो. अकोल्याच्या घळीतल्या पाखराला नगरचे माळरान म्हणजे समुद्रच.

म्हणूनच मी ‘बेट’ हा शब्द वापरतो. भूगोलाच्या पुस्तकात बेट म्हणजे चोहोकडून पाण्याने वेढलेली जमीन. पण आपल्या भाषेने त्याहून मोठा अर्थ फार पूर्वी ओळखला आहे. माळावर एकटीच उभी असलेली कळकाची दाटी, तिलाही आपण बेटच म्हणतो. ज्याला ती दाटी सोडून जगता येत नाही, त्याच्या दृष्टीने ते खरोखरच बेट होय. आज मला सांगावयाचे आहे ते या दोन्ही अर्थांच्या बेटांविषयी.

प्रथम या पाखराला पुस्तकी नाव कसे मिळाले ते पाहू. १८१८ साली पेशवाई बुडाली. १८२४ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची मोजदाद करण्याच्या कामावर नेमले. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरींत फिरून त्याने माणसे, पिके, पाऊस आणि मजुरीचे दर यांची टिपणे केली. राज्य नवे होते. सारा किती बसवावा हे ठरविण्यास माहिती हवी होती. हा गृहस्थ निसर्गाचा जिज्ञासू असल्यामुळे त्याच फिरतीत त्याने पाखरेही जमविली, आणि १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र-संस्थेच्या कार्यवृत्तात दख्खनच्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी छापून आली. आपल्या भागातील पाखरांची आधुनिक शास्त्राच्या पद्धतीने झालेली ही आरंभीची मोठी नोंद. त्या काळच्या अशा याद्यांत गोळा करणाऱ्या साहेबाचे नाव असते, नाव देणाऱ्या पंडिताचे असते. रान दाखविणारा, पाखरू शोधून आणणारा, कातडे सोलून भरणारा आणि पेटारे वाहणारा यांची नावे त्यांत सहसा सापडत नाहीत. हजेरीपटावरून वगळलेल्या माणसांसाठी आयुष्यभर भांडलो असल्यामुळे माझी नजर तेथे अडकते.

आपल्या शीळकरी कस्तुराला शास्त्रीय नाव दिले ते व्हिगर्स याने, १८३१ साली. तो त्याच प्राणिशास्त्र-संस्थेचा पहिला सचिव. नाव ठेविले थॉमस हॉर्सफील्ड याच्या सन्मानार्थ. हा हॉर्सफील्ड अमेरिकेत जन्मलेला वैद्य. उमेदीची वर्षे त्याने जावा बेटावर घालविली आणि पुढे लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयाचा तो रखवालदार झाला. अशा रीतीने रतनगडाखालच्या ओढ्यावर शीळ घालणाऱ्या पाखराच्या नावात जावा बेटावरच्या माणसाची आठवण राहिली.

हा योगायोग बरा ठरला, कारण या कस्तुराची बरीचशी भावंडे खरोखरच समुद्रातील बेटांवर राहतात. जावा, सुमात्रा, बोर्निओ, तैवान, श्रीलंका, प्रत्येक बेटाचा शीळकरी कस्तुर निराळा. यांच्या गणाचे नाव ग्रीक शब्दांवरून केलेले असून त्याचा अर्थ ‘माशांचा कर्दनकाळ’ असा होतो. जुन्या शास्त्रज्ञांनी यांना कस्तुरांच्या कुळात घातले होते. आता रक्तातील अनुवंशद्रव्याची परीक्षा करून त्यांना माशीमारांच्या कुळात बसविले आहे. लोकांच्या तोंडी मात्र तो कस्तुरच राहिला आहे, आणि मीही तसेच म्हणणार.

हा आपल्याकडे आला कसा, हा प्रश्न सहजच मनात येतो. याचा एक भाऊ हिमालयात आहे. मग मधल्या कोरड्या प्रदेशाचे काय? १९४९ साली सुंदरलाल होरा या शास्त्रज्ञाने एक सिद्धांत मांडला. खळाळत्या पाण्यातील काही मासे हिमालयात आढळतात आणि दक्षिणेच्या डोंगरांतही आढळतात. तेव्हा कोणे एके काळी, हवा अधिक ओली असताना, सातपुडा हा दोहोंमधला पूल असला पाहिजे, आणि त्या पुलावरून ओलाव्याला जगणारे जीव सह्याद्रीत आले असले पाहिजेत, असे त्याचे म्हणणे. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ शंका घेतल्या गेल्या. तरी त्यातील एक विचार मला मोलाचा वाटतो. आज तुटक दिसणारी ठिकाणे पूर्वी जोडलेली असू शकतात, आणि जोड कशाची होती हे शोधणे हेच इतिहासाचे काम.

आता समुद्रातल्या बेटांकडे वळू. जपानच्या दक्षिणेस बोनिन नावाची लहान बेटे आहेत. १८२८ साली किटलिट्झ नावाचा निसर्गज्ञ रशियन जहाजातून तेथे उतरला. तेथल्या रानात जमिनीवर वावरणारा एक कस्तुर त्याला मिळाला. त्याने चार नमुने बरोबर नेले. पुढच्या काही वर्षांत तेथे देवमाशांची शिकार करणाऱ्या गलबतांची ये-जा वाढली, वस्ती झाली, आणि जहाजांबरोबर उंदीर आणि मांजरे उतरली. जमिनीवर राहणाऱ्या, शत्रू कधी पाहिलाच नाही अशा पाखराचे काय झाले असेल ते सांगावयास नको. किटलिट्झनंतर तो कस्तुर कोणाही शास्त्रज्ञाला जिवंत दिसला नाही. युरोपातल्या संग्रहालयांतील ती चार कातडी, एवढाच त्याचा इतिहास.

दुसरे उदाहरण याहून जवळच्या काळातले. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाउ नावाचे एक छोटे बेट आहे. जून १९१८मध्ये ‘मकांबो’ नावाची आगबोट तेथे खडकावर चढली. दुरुस्ती होईपर्यंत बोटीतले उंदीर किनाऱ्यावर उतरले. थोड्याच वर्षांत त्या बेटावरच्या पक्ष्यांच्या पाच जाती आणि उपजाती नाहीशा झाल्या. त्यांत तेथला रानकस्तुरही होता. शतकभर उंदरांचे राज्य चालले. २०१९ साली मोठा खर्च करून त्यांच्या निर्मूलनाची मोहीम काढावी लागली. उंदीर गेले तरी कस्तुर काही परत यावयाचा नाही.

तिसरे उदाहरण थोडा धीर देणारे आहे. वेस्ट इंडीजमध्ये एक रानकस्तुर आहे. माँटसेराट, ग्वादलूप, डॉमिनिका आणि सेंट लुशिया या चार लहान बेटांपलीकडे तो कोठे नाही. १९९५ साली माँटसेराटवरचा ज्वालामुखी जागा झाला. बेटाच्या दक्षिण भागातले रान राखेखाली गेले, राजधानीचे प्लिमथ शहर गाडले गेले, बहुतेक माणसे बेट सोडून गेली. कस्तुर मात्र मधल्या डोंगरावरच्या उरलेल्या रानात टिकून राहिला. आणि समजा तेथे तो संपला असता, तरी ग्वादलूप आणि डॉमिनिका येथे त्याची जात उरली असती. सेंट लुशियावर मात्र तो आता दिसेनासाच झाला आहे. एका बेटावर राहणारा आणि चार बेटांवर राहणारा, यांच्या नशिबात केवढा फरक आहे, हे यावरून कळते.

चौथे उदाहरण आपल्या कस्तुराच्या सख्ख्या गोतावळ्यातले, श्रीलंकेचे. तेथील शीळकरी कस्तुराला १८७२ साली होल्ड्सवर्थ याने नाव दिले, ते ब्लाय नावाच्या कॉफीच्या मळेवाल्यावरून. ही जात त्या बेटाच्या फक्त उंच डोंगरांतील, सावलीच्या ओढ्यांवर आढळते. म्हणजे बेटावरचे आणखी एक बेट. ज्या मळेवाल्यांनी तिला नाव पुरविले त्यांच्याच धंद्याने तिचे रान खाल्ले. आधी कॉफीसाठी डोंगर उघडे झाले. १८६९पासून कॉफीवर तांबेरा रोग पडला आणि मळे बुडाले; त्या जागी चहा आला. रान परत आले नाही. ते तोडावयास आणि मळे राबावयास तामिळ मुलखातून मजूर नेले होते. पिढ्यान्‌पिढ्या राबूनही १९४८च्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांतील लाखो माणसे एकाएकी कोणत्याच देशाची राहिली नाहीत. पाखरू आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. मळ्यांतील मजुराचा दर हा तेथे आजही भांडणाचाच विषय आहे. डोंगर उघडा करणाऱ्या व्यवहाराने पाखरू आणि माणूस या दोघांनाही कोपऱ्यात लोटले.

मित्रहो, १९६७ साली मॅकआर्थर आणि विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी बेटांचे गणित मांडले. त्याचा सारांश सोप्या भाषेत असा: बेट जितके लहान, तितकी त्यावरच्या जाती संपण्याची भीती अधिक; बेट जितके एकाकी, तितकी नवी भर पडण्याची आशा कमी. पुढे लोकांच्या ध्यानात आले की हे गणित तुटलेल्या रानालाही पुष्कळ अंशी लागू पडते. आपल्या सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाला त्याचा पुरावा आहे. नीलगिरी आणि त्याखालच्या डोंगरांच्या माथ्यावर, थंड शोला रानांत, शोलाकिळी नावाची लहान पाखरे राहतात. ती माथा सोडून खाली उतरत नाहीत. मधे पालघाटची सुमारे चाळीस किलोमीटर रुंद खिंड आहे. तिच्या उत्तरेची जात वेगळी, दक्षिणेची वेगळी. २०१७ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून दाखवून दिले की ही पाखरे जगातल्या कोणत्याही जुन्या गणात बसत नाहीत, आणि त्यांच्यासाठी नवा गण केला. खिंडीतले अंतर नगरहून राहुरीला जावे एवढेच. परंतु ज्याला उघड्यावरून जाता येत नाही त्याला ते लाखो वर्षांत ओलांडता आलेले नाही.

या बेटांना निसर्गाने वेगळे केले. आपल्या जिल्ह्यातली रानाची बेटे मात्र पुष्कळशी माणसाने केलेली आहेत, आणि तो इतिहास फार जुना नाही. १८६५ आणि १८७८ साली इंग्रज सरकारने जंगलचे कायदे केले. गावचे रान सरकारचे झाले. कोळी आणि ठाकर ज्या झाडाखाली वाढले त्याची फांदी तोडणे हा गुन्हा ठरला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या जंगलखात्याच्या जुलमाचा समाचार घेतला आहे. सरकारने रान ताब्यात घेतले ते पाखरांसाठी नव्हे. रेल्वेला स्लीपर हवे होते, इमारतींना लाकूड हवे होते, वाढत्या शहरांना कोळसा हवा होता. गावकऱ्याला कुंपणाबाहेर ठेवून ठेकेदाराला फाटक उघडले गेले. तोड करणारे हात मात्र त्याच डोंगरातल्या आदिवासींचे, आणि मजुरी ठेकेदार देईल ती. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठी जो लढा दिला, त्याची पाळेमुळे या व्यवहारात होती. पुढे १९४७पासून जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या, त्यामागेही ठेकेदाराची मधली दलाली मोडावी हाच हेतू होता.

अकोल्याच्या डोंगरावर आणखी एक मोठी घटना घडली. प्रवरेवर भंडारदऱ्याला १९१०पासून धरण बांधले जात होते, ते १९२६ साली पुरे झाले. उंची सुमारे पावणेतीनशे फूट, सगळे दगडी काम. नाव मिळाले गव्हर्नर विल्सनचे. या पाण्यावर खालच्या प्रवराकाठी ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले, आणि त्यातून आम्हा युनियनवाल्यांचाही जन्म झाला. तेव्हा त्या धरणाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. एवढेच म्हणतो की वरचे खोरे पाण्याखाली गेले तेव्हा ओढ्याकाठची पुष्कळ सावली गेली. शीळकरी कस्तुराला साठलेल्या तलावाचा उपयोग थोडा; त्याचा संसार वाहत्या पाण्याचा. तो वर सरकला, घळींत उरला.

आणि तरीही तो उरला, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावयास हवी. बोनिनचा कस्तुर गेला, लॉर्ड हाउचा गेला, श्रीलंकेचा धोक्यात आहे. आपला मात्र आज सुस्थितीत आहे. कळसूबाईच्या कुशीत, हरिश्चंद्रगडाच्या ओढ्यांवर, पावसाळ्याच्या तोंडी कोणीही जाऊन ऐकावे. मी पुष्कळ दिवस याचा विचार केला आणि मला तीन कारणे दिसतात.

पहिले, तो अडून बसत नाही. कड्याची खोबण मिळाली तर उत्तम. नाही तर पुलाखाली, पडक्या भिंतीत, प्रसंगी राहत्या घराच्या वळचणीलाही तो घरटे करतो. दुसरे, तो आपले ठिकाण सोडून हिंडू शकतो. विणीचे दिवस सरले की डोंगरावरून खाली उतरतो, बागांत आणि राईत दिसतो, आणि पाऊस जवळ आला की परत वर जातो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे: त्याची बेटे अद्याप पुरती तुटलेली नाहीत. एका घळीतून दुसऱ्या घळीत जावयास ओढा आहे, ओढ्याकाठी जांभूळ-उंबराची रांग आहे, मधे एखादी देवराई आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून दाखविले की गावाने देवाच्या धाकाने राखलेली ही लहान राने म्हणजे जुन्या जंगलाची शिल्लक आहे. एकेकटी देवराई लहान. तिच्या जोरावर एखादी जात टिकेल असे नाही. पण ओढ्याच्या दोरीत ती ओवली गेली म्हणजे माळ होते. पाखरू त्या माळेवर जगते.

येथे मला आमचा तो बंद पडलेला कारखाना आठवतो. त्यातल्या पुष्कळ माणसांनी अठरा-अठरा, वीस-वीस वर्षे एकाच मशीनवर काम केले होते. दुसरे काही येत नव्हते. फाटक बंद झाले आणि ती एकाएकी बेटावर सापडली. काही जण निमूटपणे निघून गेले. त्यांचे पुढे काय झाले ते आम्हाला कळलेही नाही. जे एकमेकांना धरून राहिले त्यांना दुसऱ्या कारखान्यांतल्या कामगारांनी पगाराच्या दिवशी वर्गणी करून धान्य पुरविले. दावा सात वर्षे चालला. सगळे मिळाले असे मी म्हणणार नाही. पण देणे पदरात पडले ते त्यांच्याच, ज्यांच्या सह्या एका कागदावर राहिल्या. बोनिनच्या कस्तुरात काही उणे होते म्हणून तो गेला, असे नव्हे. त्याला दुसरे बेट नव्हते, म्हणून तो गेला.

आता आजचा प्रश्न. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचे हे रान आपल्याच जिल्ह्याचे, आज ज्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे त्याचे, भूषण आहे. परंतु त्यात गावे आहेत, शेते आहेत, माणसे आहेत. कोणी म्हणतात, पाखरे वाचवावयाची तर माणसे हलवा. कोणी म्हणतात, माणसांचे भले करावयाचे तर पाखरांचे लाड पुरे. हे दोन्ही पक्ष एकच चूक करतात. त्या ओढ्याचे पाणी आटले तर कस्तुराची शीळ आधी थांबेल आणि मावशीचा हंडा त्याच उन्हाळ्यात रिकामा राहील. जंगलावरचा तिचा हक्क २००६च्या वनहक्क कायद्याने मान्य झालेला आहे. तो कागदावरून उतरून तिच्या हातात पडला, तर ओढा राखावयास तिच्याहून चांगला रखवालदार सरकारला मिळणार नाही.

उंदीर येथेही उतरू शकतात, निराळ्या रूपाने. मे-जूनमध्ये काजवे पाहावयास भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. मोठे दिवे, कर्णे, ओढ्यात फेकलेल्या बाटल्या. नेमके हेच कस्तुराच्या विणीचे दिवस. गर्दीला मी विरोध करीत नाही. तिच्यावर तेथल्या पोरांची चूल पेटते. माझा तो सोबतीही आज रतनगडावर येणाऱ्यांना वाट दाखवून चार पैसे मिळवितो. पण गाड्या किती आणि कोठवर न्याव्या, दिवे केव्हा मालवावे, हे गावाने ठरवावे आणि शहराने ऐकावे. आणि ओढ्याकाठची झाडांची रांग, मग ती अभयारण्यात असो की कोणाच्या शेताच्या बांधावर, तोडण्याआधी दहा वेळा विचार व्हावा. अभयारण्याची हद्द नकाशावर असते. माळेचा दोरा तिच्या बाहेरूनही जातो.

सावेडीच्या आपल्या घरांभोवती आता ओढे फारसे उरले नाहीत. जे होते त्यांवर रस्ते झाले, इमारती झाल्या. शीळकरी कस्तुर येथे येणार नाही, आणि मी तसे स्वप्न दाखवीत नाही. पण आपल्या नळाला आणि उसाला पाणी देणाऱ्या डोंगरांवर त्याचा आवाज आहे, तोपर्यंत वरचे ओढे वाहत आहेत असे समजावयास हरकत नाही. या पावसाळ्यात ज्यांना जमेल त्यांनी एक रात्र राजूरच्या पुढे काढावी, पहाटे उठावे आणि ऐकावे. एखादे पोर शीळ घालीत चालले आहे असे वाटले तर दार उघडून त्याला रागे भरू नका.